घरी कलर रोल धुताना ३७.८ अंश कसे धरून ठेवायचे

कलर निगेटिव्ह धुण्याच्या सी-४१ प्रक्रियेत डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, ३७.८ अंश सेल्सिअसवर लागतं आणि वेळ असते ३ मिनिटं १५ सेकंद. कोडॅकने ही प्रक्रिया १९७२ साली आणली. लॅबसाठी दिलेली सूट फक्त ०.१५ अंशाची, वर किंवा खाली. हा आकडा वाचूनच अनेकजण घरी रोल धुण्याचा विचार सोडून देतात. तसं करायची गरज नाही. पण हा आकडा कशासाठी आहे आणि कुठे लागू होतो, हे मात्र नीट समजून घ्यावं लागतं.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत ३८ अंशांपर्यंत पोहोचणं मुळीच अवघड नाही. वर्षातले बरेच महिने खोलीच २८ ते ३२ अंशांवर असते, म्हणजे पाणी सहा ते दहा अंशच चढवायचं असतं. इथे खरं अवघड आहे ते ब्लॅक अँड व्हाइटचं २० अंशांवर काम करणं, कारण त्याला बर्फ लागतो. कलरमध्ये लोक फसतात ते दुसरीकडे: थर्मामीटर चुकीचा आकडा दाखवत असतो, रसायनाच्या बाटल्या ज्यात ठेवतो त्या गरम पाण्याच्या टबात ३८ असलं तरी बाटलीत ३६ असतात, आणि बाटलीत ३८ असलं तरी गार टँकमध्ये (फिल्म धुण्याच्या बंद डब्यात) ओतल्याबरोबर ३७ होतं. ही तीन गळती बुजवली की उरलेलं काम सोपं आहे.

अचूकता हवी फक्त डेव्हलपरला

कलर फिल्ममध्ये निळ्या, हिरव्या आणि लाल प्रकाशाला प्रतिसाद देणारे थर एकावर एक असतात. डेव्हलपर वरून आत झिरपत जातं आणि प्रत्येक थरात चांदीबरोबर रंगही तयार करतं. तापमान बदललं की ही क्रिया तिन्ही थरांत सारख्या प्रमाणात बदलत नाही. त्यामुळे फोटो नुसता गडद किंवा फिका होत नाही, तर सावल्या एका रंगाकडे आणि उजळ भाग दुसऱ्या रंगाकडे सरकतात. स्कॅन करताना सावल्यांमधला हिरवा काढायला गेलं की उजळ भाग गुलाबी होतात. एका फिल्टरने किंवा एका स्लायडरने हे सुटत नाही.

ब्लिक्सचं तसं नाही. ब्लीच आणि फिक्सर एकत्र असलेलं हे द्रावण आपलं काम पूर्ण होईपर्यंत करतं आणि थांबतं. ते चालू असताना दोन-तीन अंश इकडेतिकडे झाले तर वेळ थोडा कमीजास्त लागतो, इतकंच. ब्लीच आणि फिक्सरसाठी ३५ ते ४१ अंश, आणि धुण्याच्या पाण्यासाठी तर २४ ते ४१ अंश एवढा मोठा पट्टा चालतो. शिवाय ब्लिक्स कमी पडलं तर रोल पुन्हा ब्लिक्समध्ये घालता येतो. डेव्हलपरमध्ये जे झालं ते झालं. म्हणून सगळी काळजी त्या सव्वातीन मिनिटांवर खर्च करा, आणि बाकीच्या पायऱ्यांसाठी स्वतःला दमवू नका.

स्लाइड फिल्मच्या ई-६ मध्ये हेच तत्त्व पहिल्या डेव्हलपरला लागू होतं: ३८ अंश, सूट ०.३ अंशाची, साधारण ६ मिनिटं. सिनेमाच्या फिल्मसाठी असलेली ईसीएन-२ प्रक्रिया ४१.१ अंशांवर चालते. खाली सांगितलेली टबाची पद्धत तिन्हींना चालते, फक्त आकडा बदलतो.

एका अंशाने किती फरक पडतो? अनेक घरगुती रसायन-किटांच्या कागदावर ३८ अंशांना ३ मिनिटं १५ सेकंद आणि ३० अंशांना ८ मिनिटं असे दोन पर्याय दिलेले असतात. त्यावरून हिशेब केला तर एका अंशामागे वेळ सुमारे ११ टक्क्यांनी बदलते, म्हणजे ३८ च्या आसपास साधारण २२ सेकंद. एक स्टॉप पुश करताना, म्हणजे निम्माच प्रकाश मिळालेल्या फिल्मची भरपाई जास्त डेव्हलप करून करताना, वेळ अर्ध्या मिनिटाने वाढवतात. याचा अर्थ असा की डेव्हलपर दीड अंश गरम असेल तर नकळत जवळजवळ एक स्टॉप पुश झालेला असतो. ३० अंशांचा पर्याय टाळावा असं आमचं मत आहे. अडीअडचणीला तो चालतो, पण थरांमधला समतोल ३८ इतका चांगला राहत नाही, आणि आपल्या हवेत ३८ गाठणं इतकं सोपं असताना ती तडजोड कशाला?

आधी थर्मामीटर

स्वयंपाकघरातल्या टोकदार डिजिटल थर्मामीटरवर ३७.८ असा दशांशात आकडा दिसतो, पण त्याची अचूकता बहुधा १ अंशाच्या आसपास असते. दशांश दिसणं म्हणजे दशांश खरा असणं नव्हे. बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवतो का हे पाहणं चांगलं, पण तेवढं पुरत नाही. शून्यावर बरोबर असलेला थर्मामीटर ३८ वर अर्ध्या अंशाने चुकू शकतो. तपासणी कामाच्या तापमानालाच करायची.

त्यासाठी लागणारं उपकरण बहुतेक घरांत आधीच असतं: ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर. ३५.५ ते ४२ अंशांच्या पट्ट्यात त्याची अचूकता साधारण ०.१ अंश असते आणि आपलं काम नेमकं त्याच पट्ट्यात आहे. तो फॅरनहाइटमध्ये असेल तर आणखी सोपं. ३७.८ सेल्सिअस म्हणजे १०० फॅरनहाइट. 'शंभर ताप' दाखवला की पाणी डेव्हलपरच्या तापमानाला आहे.

तपासणी अशी करा. टबात ३८ च्या आसपास पाणी घ्या आणि ते सतत हलतं ठेवा. दोन्ही थर्मामीटरची टोकं एकमेकांना जवळजवळ चिकटतील अशी, दोन-तीन सेंटिमीटर खोल धरा. ताप मोजायच्या थर्मामीटरचं फक्त टोक पाण्यात जाऊ द्या. तो सर्वांत वरचा आकडा धरून ठेवतो, म्हणून प्रत्येक वेळी बंद करून पुन्हा चालू करा. पाच-दहा सेकंदांत अंदाज बांधणारे जलद प्रकार पाण्यात फसतात, मिनिटभर घेणारा साधा प्रकार वापरा. असं तीन वेळा मोजा आणि दोन्हींमधला फरक चिकटपट्टीवर लिहून कामाच्या थर्मामीटरला लावून टाका. उदाहरणार्थ 'खरं = दिसतं वजा ०.४'. दर दोन-तीन महिन्यांनी आणि बॅटरी बदलल्यावर हे पुन्हा करा.

जुना पाऱ्याचा थर्मामीटर काचेचा असतो. तो रसायनाच्या भांड्यात कधीच बुडवू नका, फुटला तर पारा निस्तरणं फार कठीण. कामाचा थर्मामीटर डेव्हलपरमधून ब्लिक्समध्ये नेता येतो. उलटं मात्र नाही. ब्लिक्सचे काही थेंबही डेव्हलपर बिघडवतात. म्हणून मध्ये स्वच्छ पाण्यात बुडवून पुसायची सवय लावून घ्या.

टब

पाण्याचा साठा जितका मोठा, तितकं तापमान हळू हलतं. एक लिटर पाणी एका अंशाने चढवायला ४.२ किलोज्यूल लागतात आणि उतरताना तेवढेच बाहेर जातात. उघड्या टबातलं १५ लिटर पाणी २८ अंशांच्या खोलीत १ अंश उतरायला साधारण पंधरा-वीस मिनिटं घेतं. तीन लिटरच्या पातेल्यात हाच अंश सहा-आठ मिनिटांत जातो. पंखा चालू असेल तर पृष्ठभागावरून वाफ वेगाने निघते आणि दोन्ही वेळा निम्म्याच्या दिशेने येतात. म्हणून १५ ते २० लिटरचा, सपाट तळाचा टब घ्या आणि काम करताना पंखा बंद ठेवा. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात असे टब आणि थर्माकोलचे डबे दोन्ही मिळतात.

टबाची खोली अशी हवी की पाणी टँकच्या झाकणाच्या खालपर्यंत आणि बाटल्यांच्या गळ्यापर्यंत येईल. इथे एक गोष्ट बऱ्याचजणांच्या ध्यानात येत नाही: फिल्म भरलेला पण रिकामा टँक तरंगतो आणि कलंडतो. त्याच्यावर वजन ठेवा, किंवा टबात दोन विटा ठेवून त्यांच्यामध्ये टँक अडकवा.

गरम आणि गार पाणी मिसळून ३९ अंशांच्या जवळ आणायला हे सूत्र पुरतं:

गरम पाणी = एकूण पाणी × (हवं ते तापमान − गार) ÷ (गरम − गार)

नळाचं पाणी २८, गिझरचं ६० आणि हवं ३९ असेल तर १५ लिटरपैकी ११ ÷ ३२ भाग, म्हणजे सुमारे ५.२ लिटर गरम आणि ९.८ लिटर गार. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं 'गार' पाणीच ३४-३५ अंशांना असतं. तेव्हा त्याच हिशेबाने गरम पाणी तीन लिटरांच्या आत येतं. जानेवारीच्या सकाळी उलटं होतं. अंदाजाने न मिसळता दोन्ही पाणी मोजून घ्या, एका झटक्यात जमतं.

पाणी गरम ठेवायचे तीन मार्ग

सर्वांत चांगला मार्ग म्हणजे सू-वीद स्टिक. स्वयंपाकासाठी बनलेलं हे उपकरण पाणी गरम करतं, फिरवतं आणि दशांशात तापमान धरतं. हजार वॉटची स्टिक १० लिटर पाणी २७ वरून ३८ वर आठ मिनिटांच्या आत नेते. मात्र तिच्या पडद्यावरचा आकडाही अर्ध्या अंशाने चुकू शकतो, म्हणून तपासलेल्या थर्मामीटरशी ताडून पाहा. फोटोच्या कामाला घेतलेली स्टिक पुन्हा जेवणाच्या भांड्यात घालू नका.

दुसरा मार्ग मत्स्यटाकीचा हीटर आणि वेगळा तापमान-नियंत्रक. बहुतेक मत्स्यटाकी हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट ३४ अंशांच्या आसपास तोडतो, त्यामुळे नुसता हीटर घेऊन उपयोग नाही. थर्मोस्टॅट नसलेला हीटर आणि एसटीसी-१००० सारखा नियंत्रक घ्यावा लागतो. लॅमिंग्टन रोडवर असे नियंत्रक मिळतात. फरकाचा आकडा (तापमान किती घसरल्यावर हीटर पुन्हा चालू व्हावा तो) ०.३ वर ठेवा आणि पाणी फिरवायला मत्स्यटाकीचा छोटा पंप लावा. पंप नसेल तर हीटरजवळ ३९ आणि दुसऱ्या कोपऱ्यात ३७ असं सहज होतं. वायरिंग येत नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून डब्यात बसवून घ्या. ३०० वॉटच्या हीटरला १५ लिटर १० अंश चढवायला ३५ मिनिटं लागतात, म्हणून टब भरताना गिझरचं पाणीच वापरा आणि हीटरवर फक्त धरून ठेवण्याचं काम सोपवा.

तिसरा मार्ग विजेशिवायचा: झाकण असलेला जाड थर्माकोलचा डबा, त्यात ३८.५ अंशांचं १५ लिटर पाणी, आणि शेजारी एका मगमध्ये गिझरचं गरम पाणी. झाकण लावून ठेवलं तर पाणी खूप हळू उतरतं आणि सव्वातीन मिनिटांत तर फरक जाणवतच नाही. पहिला रोल धुणाऱ्याने हाच मार्ग घ्यावा. यात खर्च नसल्यासारखा आहे, आणि तापमान कुठून निसटतं हे हाताला कळतं.

पाणी तापवायचा रॉड यात बसवू नका. त्याला थर्मोस्टॅट नसतो, तो प्लास्टिकला लागला तर वितळवतो, आणि त्या पाण्यात हात घालणं जिवावर बेतू शकतं. बालदीतलं पाणी तापवायला वापरलाच तर स्विच बंद करून, प्लग काढून, मगच पाण्याला हात लावा. सू-वीद स्टिक असो वा हीटर, ज्या सॉकेटवर लावाल त्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. वायर सॉकेटकडे जाताना एकदा खाली झोळ घेऊन वर जाऊ द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये शिरत नाही.

आणखी एक इशारा, आणि हा पूर्ण गांभीर्याने घ्या. अनेक घरांत पाइप गॅसवर चालणारा गिझर बाथरूममध्ये असतो. फिल्म अंधारात रीलवर (टँकमध्ये ती गुंडाळून धरणाऱ्या चकतीवर) चढवायची म्हणून लोक त्याच बाथरूमच्या दाराखाली टॉवेल कोंबतात आणि खिडकी बंद करतात. अशा कोंडलेल्या जागेत गॅस गिझर चालला तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो. आधी गरम पाणी काढून घ्या, गिझर बंद करा, दारं-खिडक्या उघडून हवा खेळू द्या, मगच अंधार करा. त्यापेक्षा चेंजिंग बॅग, म्हणजे आत हात घालून काम करायची, प्रकाश न शिरणारी पिशवी, वापरणं कधीही चांगलं. पावसाळ्यात मात्र बॅगेत हात घामेजून फिल्म रीलला चिकटते, तेव्हा एसीच्या खोलीत रीलवर चढवा.

बाटली, टँक आणि हरवलेला एक अंश

टब ३८ ला स्थिरावला म्हणजे डेव्हलपर ३८ ला आलं असं नाही. जाड प्लास्टिकच्या बाटलीतलं ६०० मिली द्रावण २८ वरून ३८ पर्यंत यायला अर्धा ते पाऊण तास घेतं आणि शेवटचा अंश सर्वांत हळू चढतो. दर पाच मिनिटांनी बंद बाटली हलवा. घाई असेल तर डेव्हलपर फक्त या कामासाठी ठेवलेल्या स्टीलच्या जगमध्ये ओतून टबात धरा, काही मिनिटांत तापमान येतं. ब्लिक्स स्टीलमध्ये ठेवू नका. त्यातलं लोहसंयुग धातूवर हल्ला करतं, त्याला प्लास्टिकच बरं. बाटल्यांची झाकणं लावलेली असू द्या. उघड्या तोंडातून वाफ गेली की द्रावण टबापेक्षा दोन-चार दशांश खाली राहतं.

आता टँक. पॅटर्सन कंपनीचा दोन रीलांचा टँक आणि रील मिळून पाव किलो प्लास्टिक धरा. ते २८ अंशांच्या खोलीत असेल आणि त्यात ३८ अंशांचं ६०० मिली डेव्हलपर ओतलं, तर दोन्ही मिळून सुमारे ३६.९ वर येतात. एक अंशाहून जास्त गेला, आणि थर्मामीटर मात्र जगमध्ये ३८ दाखवत होता. एसी लावून खोली २२ वर आणली असेल तर हाच तोटा पावणेदोन अंशांचा होतो. घरी धुतलेल्या निगेटिव्ह फिक्या येण्याचं सर्वांत मोठं कारण आमच्या मते हेच आहे, रसायन नव्हे.

उपाय म्हणजे पूर्वभिजवण. टँकमध्ये ३८.५ ते ३९ अंशांचं साधं पाणी भरा, टबात ठेवा, दोन मिनिटांनी ओतून टाका, आणि पुन्हा एकदा तसंच करा. निघणारं पाणी हिरवं, निळं किंवा गुलाबी दिसेल. फिल्मवरच्या थरातला तो रंग आहे, काळजी करू नका. टँक उलटा करून दहा सेकंद निथळू द्या, नाहीतर आत राहिलेलं पाणी पुन्हा वापरायच्या डेव्हलपरला पातळ करतं. नुसता रिकामा टँक टबात ठेवून गरम होत नाही, आतली हवा उष्णता नेण्यात फार मंद असते.

कोरी चाचणी

पहिल्या खऱ्या रोलआधी ही चाचणी कराच. वाया गेलेली फिल्म रीलवर चढवा, नेहमीसारखं पूर्वभिजवण करा, आणि डेव्हलपरऐवजी ३८.० अंशांचं ६०० मिली साधं पाणी ओता. नेहमीसारखंच हलवा. ३ मिनिटं १५ सेकंदांनी पाणी जगमध्ये ओता आणि लगेच मोजा. समजा ३७.४ आलं. म्हणजे सरासरी ३७.७, आणि हवंय ३७.८. पुढच्या वेळी ३८.१ वर सुरुवात करा. शेवटी ३७.५ येईल आणि सरासरी जमेल. तापमान एका आकड्यावर धरायचं नसून सरासरी त्या आकड्यावर आणायची आहे.

उतार अर्ध्या-पाऊण अंशाहून जास्त येत असेल तर सुरुवात आणखी वर नेऊन भागवू नका, उताराचं कारण शोधा: पंखा, एसी, टबातलं कमी पाणी, किंवा टँक जास्त वेळ टबाबाहेर राहणं. हलवण्याची पद्धत इथे मोठी भूमिका बजावते. टँक उलटासुलटा करताना तो हवेत येतो. दर ३० सेकंदांनी चार वेळा उलटवायला पाच-सहा सेकंद लागतात, तेवढं ठीक, पण लगेच टबात परत ठेवा, हातात धरून घड्याळ बघत बसू नका. टँकच्या वरून आत जाणारी दांडी फिरवून हलवलं तर टँक टबातून निघतच नाही आणि तापमान छान राहतं, पण प्रवाह एकाच दिशेचा असतो, म्हणून दोन्ही दिशांनी आलटूनपालटून फिरवा. कोणती पद्धत घ्यायची ते ठरवा आणि मग बदलू नका. हलवणं बदललं तर घनता तापमानाइतकीच बदलते.

चाचणीचे आकडे हवामानासोबत बदलतात. जानेवारीत एकदा, मे मध्ये एकदा आणि एसी लावायला लागल्यावर एकदा चाचणी परत करा.

प्रत्यक्ष काम

किट एक लिटरचं आहे आणि टँक ६०० मिलीचा, असं धरू. काही किटांच्या कागदावर ३९ अंश आणि साडेतीन मिनिटं लिहिलेलं असतं. तिथे तेच पाळा, इथले आकडे त्यावर लादू नका. हातमोजे घाला. डेव्हलपरमधल्या सीडी-४ या घटकाची त्वचेला ॲलर्जी होते आणि एकदा झाली की पुढे थोड्याशा संपर्कानेही होते.

टब ३८.३ च्या आसपास स्थिर करा. डेव्हलपर, ब्लिक्स आणि धुण्यासाठी दोन लिटर पाणी टबात ठेवून तासभर जाऊ द्या. वेळ सुरू करण्याआधी मोजायचं ते डेव्हलपर, टब नव्हे. दोनदा पूर्वभिजवण करून टँक निथळला की डेव्हलपर ओता. ओतायला सुरुवात केली तेव्हाच घड्याळ सुरू. पहिली १० ते ३० सेकंदं, किटमध्ये सांगितलं असेल तसं, सलग हलवा, मग टँक टबाच्या तळाशी हलकेच आपटून बुडबुडे सोडवा. ३ मिनिटं ५ सेकंदांना ओतायला लागा, म्हणजे सव्वातीनला ब्लिक्स आत जाईल. डेव्हलपर फिल्मवरून पूर्ण निघेपर्यंत काम करतच असतं, म्हणून तुमचा खरा वेळ ब्लिक्स आत जाईपर्यंतचा. ओतलेलं डेव्हलपर जगमध्ये पडताक्षणी मोजा आणि वहीत लिहा: सुरुवात, शेवट, खोलीचं तापमान, कितवा रोल. हा शेवटचा आकडा न लिहिणाऱ्याला पुढे काय चुकलं ते कधीच कळत नाही.

ब्लिक्स आम्लधर्मी असतं आणि फिल्मवर राहिलेल्या डेव्हलपरमध्ये कार्बोनेट असतं. दोघं भेटले की वायू सुटतो आणि टँकचं झाकण फुगतं. पहिल्यांदा हलवून झाल्यावर झाकणाची कड थोडी उचलून दाब सोडा, आणि पहिली दोन मिनिटं प्रत्येक वेळी तसं करा. इथे तापमान ३५ ते ४० दरम्यान असलं तरी पुरे, वेळ किटप्रमाणे. शंका असेल तर दोन मिनिटं जास्त द्या, नुकसान होत नाही.

धुण्याचं पाणी २४ ते ४१ मध्ये हवं. आपल्याकडे नळाचं पाणी वर्षभर या पट्ट्यात बसतं, फक्त दोन प्रसंगी मोजून घ्या: थंडीतल्या सकाळी, आणि मे मधल्या दुपारी, जेव्हा उन्हात तापलेल्या पाइपातलं पहिलं पाणी हाताला भाजतं. ३८ वरून एकदम २२ वर नेणं टाळा. हल्लीच्या फिल्मचा जिलेटिनचा थर पुरेसा कठीण केलेला असतो, तरी मोठ्या धक्क्याने त्याला सुरकुत्या पडू शकतात. स्टॅबिलायझर, म्हणजे धुतल्यानंतरचं शेवटचं द्रावण, खोलीच्या तापमानाला, आणि शक्यतो टँकबाहेर वेगळ्या भांड्यात. ते रीलवर साचलं तर पुढच्या वेळी फिल्म अडकते. नवी मुंबईला मोरबे धरणाचं आणि ठाण्याला बरंचसं भातसेचं पाणी येतं, त्यात धुवायला हरकत नाही. सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी येत असेल तर डेव्हलपर आणि स्टॅबिलायझर डिस्टिल्ड पाण्यात बनवा, नाहीतर वाळल्यावर क्षारांचे डाग राहतात.

मध्येच वीज गेली तर घाबरून काही करू नका. १५ लिटर पाणी सव्वातीन मिनिटांत जेमतेम दोन दशांश उतरेल. डेव्हलपर आत असेल तर मोबाइलच्या घड्याळावर पायरी पूर्ण करा. ओतायच्या आधी गेली असेल तर टबावर झाकण ठेवून वाट पाहा, आणि वीज आल्यावर डेव्हलपर पुन्हा मोजा. घरगुती छोट्या इन्व्हर्टरवर हजार वॉटची स्टिक चालवायचा प्रयत्न करू नका. पाण्याच्या शटडाऊनची सूचना आलेली असेल त्या दिवशी रोल धुवायला बसू नका.

निगेटिव्ह पाहून कारण ओळखणं

कडेची अक्षरं आणि फ्रेमचे क्रमांक आधी पाहा. ते कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेले असतात, त्यामुळे तुमच्या एक्सपोजरचा त्यांच्याशी संबंध नाही. अक्षरं फिकी आणि फ्रेमही फिक्या: डेव्हलपमेंट कमी पडली, म्हणजे डेव्हलपर गार, थकलेलं किंवा वेळ कमी. अक्षरं ठणठणीत आणि फ्रेम फिक्या: कॅमेऱ्यातच प्रकाश कमी मिळाला, तापमानाला दोष देऊ नका.

सगळं गडद, कॉन्ट्रास्ट जास्त आणि दोन फ्रेमांमधली मोकळी जागाही नेहमीपेक्षा दाट नारिंगी असेल तर डेव्हलपर गरम होतं किंवा जास्त वेळ राहिलं. वहीतले आकडे बरोबर दिसत असतील तर थर्मामीटर पुन्हा तपासा.

सावल्या आणि उजळ भाग वेगवेगळ्या रंगांकडे झुकत असतील तर तापमान, थकलेलं डेव्हलपर किंवा त्यात मिसळलेलं ब्लिक्स, यांपैकी एक. डेव्हलपर बदलून, तेच तापमान ठेवून, त्याच रोलचा उरलेला तुकडा धुतला तर कोण दोषी ते कळतं. म्हणून एखादा रोल एकाच राखाडी कार्डाच्या आणि एका चेहऱ्याच्या फोटोंनी भरून फ्रीजमध्ये ठेवणं फार उपयोगी. नवं किट उघडलं की त्याचा हातभर तुकडा अंधारात कापून आधी धुवा.

रंग मळकट, कण जाड आणि निगेटिव्ह काळपट वाटत असेल तर चांदी आत राहिली आहे, ब्लिक्स थकलं किंवा गार होतं. फिल्म दुधाळ दिसत असेल तर फिक्सिंग अपुरं. दोन्हींवर उपाय एकच: ताजं ब्लिक्स ३८ अंशांना, पूर्ण वेळ, मग पुन्हा धुणं आणि स्टॅबिलायझर. वाळलेल्या रोललाही हे चालतं.

लागोपाठच्या रोलांमध्ये थोडी-थोडी घनता कमी होत गेली तर ते तापमान नसून डेव्हलपर थकणं आहे. काही किटांमध्ये प्रत्येक रोलमागे वेळ २ टक्क्यांनी वाढवायला सांगतात, म्हणजे चारेक सेकंद. ते पाळा, पण तापमान वाढवून भरपाई करू नका. आणि सगळे रोल सारखेच जरासे गार किंवा जरासे गरम येत असतील, ०.३ अंशाने वगैरे, तर चिंता नको. स्कॅनिंगमध्ये एकदा बसवलेली रंगांची जुळणी सगळ्यांना लागू पडते. खरा त्रास देतो तो एक रोल ३७ ला आणि पुढचा ३८.५ ला.

रसायनं ठेवताना

विरघळवलेलं डेव्हलपर उष्णतेने आणि हवेने लवकर मरतं. मे महिन्यात बंद फ्लॅटमध्ये कपाटातलं तापमान ३५ च्या वर जातं, तिथे ते काही आठवड्यांत तपकिरी होतं. बाटली काठोकाठ भरलेली किंवा दाबून हवा काढलेली असावी, आणि घरातल्या सर्वांत थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी. अन्नाच्या फ्रीजमध्ये नको. काम झाल्यावर बाटल्या गरम टबातच रात्रभर विसरू नका. चार-पाच रोल साठवून एकाच दिवशी लागोपाठ धुतले तर डेव्हलपर एकदाच तापतं, टबही एकदाच स्थिर करावा लागतो, आणि सगळ्या रोलांना तेच तापमान मिळतं.